राजाबाईच्या नावाचं रिकामं पान

साड्या विणणारा महादेव तसा भला माणूस, पण नक्षीचा विषय निघाला की अख्खं वडगाव त्याला चोर दिसायचं. कुणी परका दारात आला की तो आधी मागावर चादर टाकायचा. नवा काठ नजरेला पडायचा अवकाश, शेजारच्या मागावर तोच उतरतो, हे त्यानं भोगलं होतं. आणि घरच्या नक्ष्या सगळ्या त्याच्या बायकोच्या, राजाबाईच्या. कागदबिगद काही नाही; ती शेजारी बसून ओळीओळीनं सांगायची आणि हा विणायचा.

लेक पूर्णिमा बेळगावात कॉम्प्युटरच्या कामाला. तिनं मोठ्या हौसेनं आईच्या नावानं वेबसाइटचं नाव नोंदवलं आणि मोबाइल आईपुढं धरला. पांढऱ्या पानावर नाव, खाली ‘लवकरच’.

“माझं नाव व्हय गं हे?” राजाबाई हरखली. “आणि साड्या?”

“ही नुसती पाटी, आई. माल मांडायला फोटो पायजेत. आप्पा काढू देत न्हाईत.”

“फोटो गेला की नक्षी गेली,” महादेव म्हणाला. “पुढच्या वर्षी बघू.”

पुढच्या वर्षीही त्याचं तेच पालुपद. साडी उतरली की घडी घालून थेट व्यापाऱ्याकडे. अशात राजाबाईला पोटाचं दुखणं लागलं, बरं न होणारं. अंथरुणावरून ती लेकीला विचारायची, “आल्या का गं माझ्या साड्या?” पूर्णिमा बापाकडे बघायची आणि बाप मान खाली घालायचा. शेवटी तो विरघळला. “मागावरची हिरवी उतरू दे. तिचा काढ फोटो.” ती नक्षीसुद्धा राजाबाईनं पडल्यापडल्या सांगितलेली.

साडी पुरी झाली त्याच सकाळी राजाबाई गेली. सवाष्ण बाई, अंगावर हिरवं हवं. बायका म्हणाल्या, दुकानातून मागवू. महादेवानं ऐकलं नाही. स्वतः मागावरची साडी कापून आणली आणि तिच्या अंगावर घातली. जन्मभर विकायच्या साड्या सांगितल्या बिचारीनं, एकही नेसली नव्हती. फोटोचं भान कुणाला असणार? महादेवाला ते स्मशानातून परतताना आलं, तोवर साडी तिच्याबरोबर गेली होती.

जुन्या साड्यांसाठी तो व्यापाऱ्याकडे जाऊन आला. त्या कधीच कुठल्या कुठं गेल्या होत्या.

वर्ष सरत आलं तशी पूर्णिमा म्हणाली, “आप्पा, वेबसाइटच्या नावाची मुदत संपतीय. सोडून देऊ? पान रिकामंच हाय.”

“सोडलं तर?”

“दुसरं कोणबी घेईल.”

“मग न्हाय सोडायचं. तिच्या नावाखाली दुसऱ्याच्या साड्या नकोत.”

“मग तुम्हीच विणा की आईच्या नक्षीतली एक. मी फोटो काढते.”

महादेवानं मागाकडे पाहिलं. मग डोळे पुसत म्हणाला, “लई दिवस झाले, रोज मागावर बसतोय पोरी. ती सांगायची तसे हात चालायचे. जगापासनं लपवून ठेवलं गं सगळं, आता मलाबी कायसुदीक आठवत न्हाय.”