फाटकाच्या अलीकडे

चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईचा नवरा रेल्वेचा ड्रायव्हर होता, आणि गेले कित्येक आठवडे तो घरी बसून होता. म्हणजे अक्षरशः बसून. सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा, जेवायला उठायचा, की परत तिथेच.

झालं होतं असं, की एका रेल्वे फाटकावर सामानाची व्हॅन ऐन रुळांवर बंद पडली. व्हॅनवाला वेळीच उडी मारून पळाला, गाडी व्हॅनवर आदळली, व्हॅनचा चेंदामेंदा झाला, पण माणसांपैकी कुणाला साधं खरचटलंही नाही. चौकशीत ड्रायव्हरची काही चूक निघाली नाही. सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. तोही म्हणाला, हो, थोडक्यात निभावलं. आणि त्यानंतर जो गप्प झाला तो झालाच.

आता गुरुवारी त्याची चाचणी होती. रेल्वेच्या ऑफिसात इंजिनाची एक नकली केबिन होती. तिच्यात बसवायचं, समोर पडद्यावर रूळ दाखवायचे आणि गाडी चालवायला लावायची. नीट चालवली तर इंजिन परत ताब्यात. तिनं विषय काढला की तो म्हणायचा, "बघू." त्या 'बघू'नं तिचा जीव टांगणीला लागायचा. एरवी गाडीला जरा उशीर झाला तरी तासभर त्याचं पुराण लावणारा माणूस. त्याच्या तोंडी आता एवढासा शब्द.

दुकानात मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवणारे एक गृहस्थ होते. त्यांना सगळे भिंगकाका म्हणत. तिचा चेहरा बघून त्यांनीच विचारलं आणि तिनंही सगळं भडाभडा सांगून टाकलं.

भिंगकाकांनी हातातली काच खाली ठेवली. "अहो ताई, मग आधी नाही का सांगायचं? रेल्वे चालवायचा कॉम्प्युटरवरचा गेम आहे माझ्याकडे. अगदी खऱ्यासारखा. घरच्या घरी सराव होईल त्यांचा."

"गेम? ते चिडले म्हणजे?"

"चिडले तर तुम्ही खेळा. फक्त एक करा, नवशिक्यांचे धडे आहेत त्यात, तिथूनच सुरुवात करा. एकदम एक्स्प्रेस पळवायला जाऊ नका. मी पहिल्याच दिवशी गाडी शेवटच्या स्टेशनातून आरपार काढली होती."

त्यांनी तिच्या लॅपटॉपवर गेम घालून दिला. घरी येऊन तिनं तो सुरू केला आणि नवऱ्यासमोर ठेवला. त्यानं एकदा पडद्याकडे पाहिलं.

"खेळण्यातली गाडी? मी?"

"सरावाला हो. गुरुवारी—"

"मटार सोलायचेत ना?" म्हणून तो उठला आणि स्वयंपाकघरात गेला.

तिला वाटलं, संपलं. लॅपटॉप मिटायला हात पुढे केला आणि तसाच राहिला. मिटला तर उद्या पुन्हा उघडायचा धीर होणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती खुर्ची ओढून स्वतःच बसली. आयुष्यात तिनं कॉम्प्युटरवर पत्त्यांचा डावसुद्धा मांडला नव्हता.

पहिला धडा उघडला. यार्डात एक इंजिन, मागे मोजके डबे, आणि समोर इतकी बटणं नि काटे, की तिला गरगरलं. पडद्यावर सूचना येत होत्या. आधी चावी, मग गाडी पुढे न्यायची की मागे ते ठरवायचा खटका. तिनं दोन्ही केलं. मग वेगाचा दांडा पुढे ढकलला. इंजिन घरघरलं, काटा थरथरला, गाडी ढिम्म. तिनं दांडा आणखी ढकलला. तरी ढिम्म.

"ब्रेक सोडलास का?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

 गेल्या कित्येक दिवसांत त्यानं आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. तिनं मुद्दामच मागे वळून पाहिलं नाही. "कुठला? इथे दोन-दोन ब्रेक दिसतायत."

"दोन्ही."

तिनं दोन्ही सोडले. गाडीला असा हिसका बसला, की खरे प्रवासी असते तर एकमेकांच्या अंगावर पडले असते. यार्ड मागे पडलं, रूळ मोकळे झाले, दोन्ही बाजूंना शेतं सरकू लागली. तिला जरा हुरूप आला, तोच कुठूनतरी टीं टीं असं वाजायला लागलं. लाल दिवा लुकलुकायला लागला. काय चुकलं, कुठे चुकलं, काही कळेना. आवाज वाढत चालला.

"दाब! दाब ते!" तो दारात उभा होता, मुठीत मटाराच्या शेंगा. "अगं, तू जागी आहेस का ते विचारतंय! दाब लवकर, नाहीतर गाडी आपोआप उभी राहील!"

"कुठलं बटण?"

तो दोन ढांगांत आला आणि तिच्या खांद्यावरून हात घालून त्यानं नेमकी ती कळ दाबली. आवाज थांबला. शेंगा टेबलावर पसरल्या होत्या. दोघंही श्वास रोखून पडद्याकडे बघत राहिले, जणू खरोखरच मागे डबाभर माणसं बसली होती.

पुढचं स्टेशन तिनं सपशेल ओलांडलं. फलाट आला नि गेला. "आता कुठे ब्रेक लावतेस?" तो म्हणाला. "स्टेशन दिसल्यावर लावून कसं चालेल? दिसायच्या आधी लावायचा असतो."

"दिसायच्या आधी कसं कळणार?"

"सरक."

ती सरकली. तो बसला. कळा त्याला नव्या होत्या, एक-दोनदा बोट चुकलं, पण थोड्याच वेळात गाडी त्याचं ऐकायला लागली. पुढच्या स्टेशनात त्यानं ती अशी अलगद उभी केली, की भरलेला पेला ठेवला असता तरी पाणी डचमळलं नसतं. "बघितलंस?" तो म्हणाला. तिला रडू की हसू असं झालं. उद्या भिंगकाकांना काय नेऊ, पेढे की आणखी काही, इथवर तिचं मन धावलं.

मग गाडी एका वळणावरून बाहेर आली. समोर हिरवा सिग्नल. त्याच्या पुढे रस्ता रुळांना छेदून जात होता. फाटक लागलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

त्यानं ब्रेक लावला. गाडी हळू झाली, आणखी हळू, आणि फाटकाच्या बऱ्याच अलीकडे उभी राहिली.

"का थांबलात?" तिनं विचारलं.

"फाटक आहे."

"बंद आहे की ते. सिग्नलही हिरवा आहे."

"कुणी मधे असलं तर?"

"कुणी नाहीये हो."

"असलं तर?" तो म्हणाला, आणि तेव्हा तिला त्याच्या कपाळावरचा घाम दिसला.

त्यानं धडा पहिल्यापासून लावला. स्टेशन पुन्हा सुरेख घेतलं. वळण आलं, आणि पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं ब्रेकच्या कळेवरून हात उचलून मांडीखाली दाबून धरला. गाडी फाटकावरून धडधडत गेली, पण त्यानं डोळे गच्च मिटले होते.

त्यानं लॅपटॉप मिटला. टेबलावरच्या शेंगा एकेक करून गोळा केल्या.

"गुरुवारी असं झालं तर?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"गुरुवारी नाही होणार. मी होऊ देणार नाही."

हे ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. पण ते मिटलेले डोळे काही केल्या तिच्या नजरेसमोरून हलेनात.

गुरुवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला आणि ती दुकानात गेली. तिथे तिचं कशात लक्ष लागेल तर शपथ. एका आजोबांच्या डाव्या डोळ्याचा नंबर तिनं उजव्या डोळ्यासाठी लिहून पाठवला. भिंगकाका तो कागद घेऊन बाहेर आले, "ताई, या नंबरानं आजोबा जिन्यावरून गडगडतील," म्हणाले आणि तो स्वतःच दुरुस्त करून आत गेले. फोन वाजेना. तिला करवेना. नापास झाले असतील तर कुठे बसले असतील? आणि पास झाले असतील तर? तर उद्यापासून ते असेच डोळे मिटून गाडी नेणार? पास की नापास, यातलं आपण काय मागतोय हेच तिला उमजेना.

दुपार उलटल्यावर तो स्वतःच दुकानात आला. दुकानात यायची त्याची पद्धत नव्हती. भिंगकाकांनी मागची खोली रिकामी करून दिली आणि आपण बाहेर जाऊन फ्रेमा पुसत बसले.

"काय झालं?"

"चालवली. परीक्षक खूश झाला. म्हणाला, एवढे दिवस घरी होतात असं वाटत नाही."

"म्हणजे पास?"

"त्या मशिनवरच्या रस्त्यावर एकही फाटक नव्हतं अगं," तो म्हणाला. "पुलावरून नि बोगद्यातून नेला होता सगळा रस्ता. मी वाट बघत होतो, आता येईल, मग येईल. आलंच नाही. मग त्यानं कागद पुढे ओढला आणि विचारलं, काही त्रास वगैरे? नाही म्हटलं असतं तर उद्यापासून ड्युटी होती."

"मग?"

"मी सांगितलं. घरी काय झालं ते सगळं."

"अहो, कशाला बोललात?" ती एकदम ओरडलीच. "होत होतं ना सगळं नीट! कोण विचारायला येणार होतं?"

तो चिडला नाही. काचा घासायच्या मशिनीजवळच्या स्टुलावर बसला. "मला वाटलं होतं, हात आवळून धरला की झालं. पण हात आवळून बसलोय आणि एखाद्या दिवशी खरंच काही आडवं आलं तर? तेव्हा तो हात सुटून ब्रेकवर जाईल का? मागे डब्यांत माणसं असतात." तो थांबला. "त्या दिवशी व्हॅनमधला माणूस उतरलेला मला दिसलाच नव्हता. आदळेपर्यंत मला वाटत होतं, तो आतच आहे."

हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.  मघाशी आपण ओरडलो त्याची तिला लाज वाटली, आणि रागही पुरता गेला नव्हता. तिनं त्याच्याजवळ जाऊन त्याचा हात हातात घेतला. 

"परीक्षक काय म्हणाला?"

"त्यानं कागद बाजूला ठेवला. मग म्हणाला, बरं केलंत."

त्याला मनाच्या आजारांवरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे जायला सांगितलं. औषधं नव्हती फारशी, नुसतं बोलायचं. तोवर यार्डात डबे इकडून तिकडे लावायच्या कामाची देखरेख. पहिले काही दिवस तो तिथून हिरमुसला होऊन यायचा. बरोबरीचे ड्रायव्हर समोरून गाड्या घेऊन जात आणि हात करत, ते त्याला सोसायचं नाही. डॉक्टरीणबाईंकडून आला की मात्र थकून झोपायचा, गाढ.

तिनं गेम सोडला नाही. तिला त्याची गोडीच लागली होती. अमुक स्टेशनात आपली गाडी फलाटावर बरोबर लागली, हे ती भिंगकाकांना सकाळी दुकान उघडायच्या आत सांगायची. नवरा कधी मागे उभा राहून चुका काढायचा, कधी फाटक यायच्या आधी उठून जायचा. ती त्याला थांबवत नसे.

काही महिन्यांनी त्याला पुन्हा गाडीवर घेतलं. सुरुवातीला शेजारी दुसरा ड्रायव्हर बसवून. त्या दिवशी ती दर घटकेला फोन बघत होती. संध्याकाळी तो आला, बूट काढले आणि दारातूनच सुरू झाला, "एक प्रवासी काय भांडला गार्डशी! छत्री विसरला म्हणे, तर गाडी मागे घ्या. ऐक तर खरी..."

तिला विचारायचं होतं, फाटकं कशी गेली? प्रश्न ओठांवर आला होता. पण तो छत्रीवाल्याची नक्कल करत होता. ती पाण्याचा तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिली आणि त्याला बोलू दिलं.