कढीपत्त्याची हाक

मित्रांनो, जुन्या पंख्याला निदान गंज तरी चढतो. मी जुनी झाले ते मात्र बघून कुणाला कळायचं नाही. मी एक वेबसाइट आहे. जन्म कुंभकोणमचा आणि भाषा मराठी. हसू नका! तंजावरच्या मराठी राजांच्या काळात इकडे आलेल्यांची घरं अजून इथेच आहेत. ही माणसं रस्त्यावर तमिळ बोलतात आणि चुलीपाशी मराठी.

मला शिवरंजनीने घडवलं. ती तेव्हा चेन्नईत संगणकाच्या कंपनीत होती. तिच्या आईला, भागीरथीबाईंना, सारखे फोन यायचे. बेंगळुरूची भाची विचारायची, सेलमची पुतणी विचारायची, "डांगर पच्चडी कशी करायची?" सांगून सांगून बाईंचा जीव मेटाकुटीला आला. मग शिवरंजनीने एका सुट्टीत त्यांच्यापुढे फोन धरला, बाई करता करता बोलत गेल्या, आणि तो आवाज माझ्यात आला. माझ्या पानांना तिने गुलाबी कमळांची किनार लावली. ती जरा भडकच होती, पण मला विचारतो कोण!

माझं कौतुकही झालं. पुण्याच्या एका बाईंनी लिहिलं, "तुमचं मराठी आमच्या पणजीच्या वेळचं वाटतं." भागीरथीबाई म्हणाल्या, "पणजीचंच आहे. चोरलेलं का आहे?"

पुढे लोक दुसरीकडे वळले. माझ्या पानांखाली केस वाढवण्याच्या तेलाच्या जाहिराती येऊन पडू लागल्या. भागीरथीबाई वारल्या. शिवरंजनी कुंभकोणमला परत आली आणि घरूनच काम करू लागली. तेव्हा मला उघडणारा माणूस एकच उरला होता, बाईंचे यजमान कृष्णराव.

ते रोज सकाळी डांगर पच्चडीचं पान उघडत. उडदाचं पीठ, दही, हिंग सगळं सांगून झालं की फोडणीपाशी बाईंचा आवाज चढे. "अहो, कढीपत्ता कुठाय? केव्हाची सांगत्येय! आणा बेगीन, तेल जळतंय!" कृष्णराव म्हणत, "आणतो, आणतो," आणि उठून परसात जात. रोज टेबलावर कढीपत्त्याची एक ताजी डहाळी असे. शिवरंजनी ती उचलून स्वयंपाकघरात ठेवी. ती तिथे येते कशी, हे तिने कधी विचारलं नाही.

आता थोडं माझ्या पोटातलं सांगते. पानं कुठे ठेवायची, आवाज कसा वाजवायचा, हे माझ्या आतली एक व्यवस्था बघते. तिला सीएमएस म्हणतात. तिची नवी आवृत्ती पुढच्या वर्षी येणार होती, आणि आवाज वाजवणारा माझा जुना भाग तिच्यात चालणार नव्हता.

"अप्पा, आत्ता नुसती रंगरंगोटी करून उपयोग नाही," शिवरंजनी म्हणाली. "वर्षभरात पुन्हा सगळं उसकटावं लागेल. येणाऱ्या आवृत्तीला धरूनच नवी साइट बांधते."

"आवाज राहील ना?"

"अय्यो अप्पा, त्यासाठीच तर चाललंय!"

तिचा बेत चांगला होता, हे मी मत्सर न करता सांगते. आवाज वेगळे काढून ठेवायचे, म्हणजे व्यवस्था कितीही बदलली तरी त्यांना धक्का नको. नव्या आवृत्तीचा प्रयोग आधी नकलेवर करायचा. शेवटी जुनी आणि नवी शेजारी शेजारी लावून अप्पांना ऐकवायची, मगच मला बंद करायचं. पंचांग बघून नव्या साइटला विजयादशमीची सकाळ ठरली. मला आदल्या संध्याकाळी बंद करा, असं तिने मला जागा देणाऱ्या कंपनीला कळवलं. आदला दिवस सरस्वतीपूजेचा, सगळे घरीच असतात, तेव्हा निवांत ऐकू, असा तिचा हिशेब होता.

चेन्नईत राहून पोरगी विसरली! त्या दिवशी घरातली पुस्तकं, वीणा आणि संगणक भागीरथीबाईंच्या रेशमी साडीखाली पूजेला बसले होते. दुसऱ्या सकाळी पूजा उतरेपर्यंत त्यांना हात लावायचा नसतो. कृष्णरावांनी आपला फोनही त्यातच ठेवला होता.

शिवरंजनीने साडीकडे हात नेला.

"हात लावू नको."

"अप्पा, आज संध्याकाळी जुनी बंद होणार! सुट्टी आहे, कंपनीत कुणी फोनही उचलत नाही."

"तुझ्या फोनवरही नको. तुझ्या आईने या दिवशी मला कधी पेपर वाचू दिला नाही. ती नाही म्हणून आज मोडू? नव्या साइटीत तिचा आवाज आहे म्हणालीस ना?"

"आहे."

"मग झालं."

संध्याकाळी मी बंद झाले. दुखलंबिखलं काही नाही.

पुढचं मी नंतर ऐकलं. सकाळी पूजा उतरली. नवी साइट देखणी होती, कमळं गेली होती. कृष्णरावांनी पान उघडलं. पीठ झालं, दही झालं, हिंग झाला. फोडणी आली तसे ते खुर्चीतून अर्धे उठले. बाई शांतपणे म्हणाल्या, "मोहरी तडतडली की कढीपत्ता घालायचा." आणि पाककृती संपली.

कृष्णराव तसेच खाली बसले. "ही मला हाक मारत नाही."

शिवरंजनीचा चेहरा उतरला. "अप्पा, ती मधली गडबड... पाककृतीत तिचं काही काम नव्हतं. मी कापली."

"मी तेवढ्यासाठीच ऐकत होतो ग."

ती रडली. मग टेबलावरच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. तिथे आज डहाळी नव्हती.

न कापलेला आवाज आता फक्त माझ्यातच होता. बंद केलेल्या साइटी कंपनी काही दिवस सांभाळते, म्हणून मी वाचले. सुट्ट्या संपताच शिवरंजनीने मला कमळांसकट मागवून घेतलं. आता मी तिच्या टेबलावर हार्ड डिस्कच्या एका छोट्या डब्यात राहते, आणि न कापलेला आवाज नव्या साइटीत गेला आहे.

मित्रांनो, नवं जरूर बांधा, उद्याचा विचार करूनच बांधा. फक्त जुन्यातलं काही टाकण्याआधी, ते रोज कोण उघडतं ते बघा. त्याला आधीच शेजारी बसवा, तो कशासाठी थांबतो ते विचारा.

बरं, पुरे झालं. नव्या साइटीत फोडणी आली आहे, तेल जळतंय, आणि कृष्णराव परसाकडे निघाले आहेत. आज कात्री घेऊन शिवरंजनीही मागे गेली आहे.