गेरूची वर्तुळं

“तुमच्या पाखराला गेरू आणि गंजातला फरक कळंना व्हय?” आप्पा हसत म्हणाले.

दिग्गीच्या वाटेवरच्या लोखंडी पुलाभोवती ड्रोन घिरट्या घालत होतं आणि पुलाची तपासणी करायला आलेल्या इंजिनियर रेश्मा मॅडम पडद्यावरचे तांबडे डाग बघून गोंधळल्या होत्या. ती माझ्या वडिलांनी, आप्पांनी, गेरूनं काढलेली वर्तुळं होती. एकतीस वर्षं रोज सकाळी ते पुलाची एकेक पट्टी हातोडीनं वाजवत. आवाज खणखणीत आला तर पुढं. बद्द आला की तिथं वर्तुळ. पूल तपासायच्या नोकरीतून निवृत्त झाले तरी हे सुटलं नव्हतं. वर्तुळं वाढत चालल्याचं त्यांनी खात्याला तीनदा लिहून कळवलं होतं. पूल वरून धडधाकट दिसतो, एवढंच उत्तर आलं.

“काका, कॅमेरा रंगाला फसला. आता लोखंडाची जाडी मोजणारा सेन्सर टेकवते.”

“टेकवा की. पर बेगीन. शाळेची पोरं ह्यावरनंच येत्यात.”

“आप्पा, त्यांना त्यांचं काम करू द्या,” मी तुटकपणे म्हणाले.

“मी कुठं अडवलंय, पोरी? पाखराला च्या तरी विचार.”

संध्याकाळी ते पेज जेवले, हातोडी दाराशी ठेवली. पहाटे उठलेच नाहीत.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी रेश्मा मॅडम आल्या. ओसरीवर टेकल्या.

“अक्का, चौदा वर्तुळं होती. चौदाही ठिकाणी लोखंड आतून खाल्लेलं निघालं. पंधरावी जागा पुलाच्या पोटाशी सापडली. तिथं माणसाचा हात पोचत नाही.”

“आप्पांनी तुमच्या पाखराची पाठ थोपटली असती,” मी म्हणाले.

मॅडमचा अहवाल गेला त्याच दिवशी पूल बंद झाला. नव्या पट्ट्या बसून तो उघडला, तेव्हा मी हातोडी घेऊन गेले. लहानपणी मी शाळेला निघायच्या आधी आप्पा पूल वाजवत पलीकडे जात. मैत्रिणी हसत, मला लाज वाटे. त्यांनी पलीकडून हात केला की मी धावत सुटायची. खाली कधी बघितलंच नाही.

पहिल्या पट्टीवर हातोडी मारली. आवाज खणखणीत आला, पाण्यावरून पार पलीकडे गेला.

“आप्पा,” मी मोठ्यानं म्हणाले, “मला ह्या पुलाची कधी भीती वाटली न्हाई. तुम्ही आधी जायचा म्हणून.”