पडलेल्या हाताचा कौल

बिबवेवाडीतल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्या हलवून सतरंज्या पसरल्या होत्या. मधोमध बाबा. अंगारा फुकट, नारळ तेवढा त्यांच्याच शिष्याकडून घ्यायचा. मथुराबाईंचा उजवा हात बरेच दिवस वर जात नव्हता. बाबांनी तो खांद्याएवढा उचलला आणि सोडला. तो धप्पकन मांडीवर पडला.

"आई गं!" मथुराबाई कळवळल्या. गर्दी मागे सरकली.

"करणी! घरातलीच!" बाबा गरजले. "जिनं केली तिचाबी हात पडंल. हात खोटं बोलत न्हाय!"

मथुराबाईंची सून विजयमाला खांबाआड सरकली. सासूशी तिचं वाजत होतं आणि ते सगळ्या जिन्याला पाठ होतं. नवऱ्याने, सर्जेरावने, सकाळीच बजावलं होतं, "बाबांच्या परीक्षेत तुझा हात पडला तर माहेरी जायचं. पोरगी इथंच राहील."

नमुना म्हणून आधी शेजारच्या बायडाबाईंनी हात आडवा धरला. बाबांनी दाबला, हलला नाही. नणंदेचाही नाही. विजयमालेने दात आवळून हात ताठ केला. बाबांनी दाबला आणि तो खाली गेला. तिला स्वतःचीच भीती वाटली. रागाच्या भरात मनात आलेलं खरंच लागतं की काय?

"बॅग भर," सर्जेराव म्हणाला.

"एवढी घाई? रिक्षा थांबलीय का?" दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टर सरोजिनी पुढे आल्या. "मथुराबाई, मध्यंतरी कुठं पडला होतात का?"

"न्हाणीत घसरले होते. ह्याच हातावर."

डॉक्टरांनी तो हात उचलून धरला. "आता हळूहळू खाली आणा." हात मध्येच सुटला. "खांद्यातला स्नायू फाटलेला दिसतोय. आम्हीही अशीच तपासणी करतो. फक्त सुनेला हाकलत नाही."

"मग हिचा हात का पडला?" सर्जेराव चिडला.

"बाकीच्यांना कोपराजवळ दाबलं, हिला मनगटावर. दार बिजागरीजवळ ढकलून बघा, मग कडीजवळ ढकला. बाबा, आपला हात आडवा धरता?"

"आमची परीक्षा घेता?"

"धरा की! हात खोटं बोलत नाही ना?" बायडाबाई म्हणाल्या.

बाबांना हात धरावाच लागला. डॉक्टरांनी कोपराजवळ दाबलं, हलला नाही. मनगटावर दाबलं; खाली.

"अगंबाई, म्हणजे करणी बाबांचीच!" गर्दीतली एक बाई ओरडली.

लोक हसले. शिष्य नारळ गोळा करू लागला. सर्जेराव मोबाइलमध्ये बघत पुटपुटला, "चल, चहा टाक."

विजयमाला हलली नाही. तिने पोरीला उचलून छातीशी घट्ट धरलं.

"चहा मी टाकते. तू आईंना उद्या दवाखान्यात ने," डॉक्टर सर्जेरावला म्हणाल्या. मग गर्दीकडे वळल्या. "आणि तुम्ही सगळे ऐका. हात पडला तर खांदा तपासा. घरातली बाई नको."