पिवळी टोपी

दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी दहाला आमच्या पोहण्याच्या शाळेचं ऑनलाइन बुकिंग उघडतं आणि दहा वाजून चार मिनिटांनी लाल टोपीचे वर्ग भरतात. पाचव्या मिनिटाला माझा फोन सुरू होतो. जणू जागा मीच ड्रॉवरमध्ये लपवून ठेवल्यात! "मॅडम, सगळं भरलं होतं हो, शेवटचं बटण दाबलं आणि नुसतं फिरत बसलं." सगळ्यांचंच फिरत बसतं. एका आजोबांनी घाईत नातवाऐवजी स्वतःचंच नाव भरलं होतं. वय एकाहत्तर, वर्ग तान्ह्यांचा. त्यांचं तेवढं मी हसत हसत दुरुस्त करून दिलं. बाकी सगळ्यांना एकच उत्तर : प्रतीक्षा यादीत नाव घाला. अकरा वर्षं मी हेच सांगत आले. एकदाच सांगितलं नाही.

लाल टोपी म्हणजे अजून तरंगता न येणारं मूल. त्याचा वर्ग कमरेएवढ्या पाण्यात, चौघांमागे एक शिक्षक. पिवळी टोपी म्हणजे दहा आकडे मोजून होईपर्यंत आपलं आपण तरंगणारं मूल. त्याचा वर्ग मोठ्या तलावात, जिथे पाय टेकत नाहीत. कोण लाल, कोण पिवळं हे शिक्षकांनी ठरवायचं आणि संगणकावर तशी खूण करायची, असा नियम. पण आमचे बेडूकसर दिवसभर पाण्यात. (नाव पोरांनी ठेवलेलं, आणि सरांना ते आवडायचं.) ओल्या हातांनी त्यांनी एकदा कीबोर्डची वाट लावली, तेव्हापासून ते काठावरूनच ओरडायचे, "मॅडम, ती दोन वेण्यांची पिवळी!" मग मी त्यांच्या नावाने आत शिरायचं आणि खूण करायची. पासवर्ड त्यांनीच चिठ्ठीवर लिहून माझ्या संगणकाला चिकटवला होता. व्यवस्थापकसाहेब येता-जाता ती चिठ्ठी बघायचे आणि काही बोलायचे नाहीत.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी सहा वर्षांची होती. घरात, जिन्यात, कुठेही भिंतीला हात लावून चालायची, म्हणून आम्ही तिला मुंगी म्हणायचो. एका शनिवारी मीच तिला चाचणीला घेऊन गेले. शनिवारी नवी पोरं येतात, पन्नास-साठ. मुंगीने काठ काही सोडला नाही. सर हसले, म्हणाले, "लाल," आणि पुढच्या पोराकडे वळले.

बहिणीला कामावरून फक्त बुधवारी लवकर निघता यायचं. बुधवारच्या लाल वर्गाला एकतीस पोरं प्रतीक्षेत. "ताई, तू तिथे खुर्चीत बसतेस आणि तुझ्याच भाचीला जागा नाही?" दोन महिने मी टोलवाटोलवी केली. तिसऱ्या महिन्यात ती माझ्याशी बोलेनाशी झाली. फोन केला की सरळ मुंगीच्या हातात द्यायची, आणि मुंगी विचारायची, "मावशी, आला माझा नंबर?"

बुधवारच्या पिवळ्या वर्गात दोन जागा रिकाम्या होत्या. एका सोमवारी सकाळी मी सरांच्या नावाने आत शिरले आणि मुंगीला पिवळी करून टाकली. मनात सगळं जुळवलं होतं. बुधवारी वर्गाच्या आधी सरांच्या कानावर घालायचं. ते तिला एक-दोनदा काठावर बसवून पाय मारायला लावतील. लालमध्ये जागा झाली की मी तिला गुपचूप तिकडे सरकवीन. सर नाही म्हणाले नसते, त्यांना ते जमायचंच नाही. बहिणीला मी फोन केला आणि तिने तो मुंगीला द्यायच्या आत सांगितलं, "सरांनी बघितलंय तिला. पिवळीत चालेल म्हणाले." त्यातलं पहिलं वाक्य खरं होतं.

बुधवारी पाच वाजता साइट बंद पडली. काउंटरपुढे ही गर्दी. त्यातून मुंगी आणि तिची आई वाट काढत आल्या. मीच खोक्यातून पिवळी टोपी काढली, मीच मुंगीचे केस आत कोंबून ती घातली. "मावशी, ही कुठली टोपी?" "मोठ्या मुलींची. जा ऐटीत." बहीण कित्येक दिवसांनी माझ्याकडे बघून हसली. मला इतकं बरं वाटलं! तेवढ्यात एका बापाचा फोन आला. त्याच्या मुलाची जागा गेली होती आणि तो मला नियम शिकवत होता. सरांना सांगायचंय, हे माझ्या डोक्यात होतं. एकदा मी उठलेसुद्धा. दुसरा फोन वाजला आणि मी परत बसले.

पिवळी पोरं काठावर ओळीने उभी राहतात आणि एकेक उडी मारतात. सर समोर पाण्यात असतात, पण हात देत नाहीत, कारण पिवळी टोपी आपली आपण वर येते. आठ पोरांत मुंगी सातवी होती. ती रडली नाही, नको म्हणाली नाही. सगळ्यांनी मारली म्हणून तिनेही मारली. सर तोवर आठव्याला हाक मारत होते. काचेपलीकडून बहीण मोबाइलवर फोटो काढत होती. एका फोटोत मुंगी हवेत आहे, हात पसरलेले, डोळे गच्च मिटलेले.

चार दिवस ती दवाखान्यात मशीनवर होती. पाचव्या दिवशी गेली.

चौकशी लागली तेव्हा साहेबांनी नोंद छापायला मलाच सांगितलं. "तुमच्या घरचं दुःख आहे, कळतंय मला. पण ते तुमच्याशिवाय कोणाला येत नाही." कागद बाहेर आला. स्तर : पिवळा, खूण करणारे : बेडूकसरांचं पूर्ण नाव, सोमवार, अकरा वाजून बावीस मिनिटं. सोमवारी अकरा ते बारा सर तान्ह्यांच्या वर्गात छातीभर पाण्यात असतात. ते वेळापत्रक माझ्या पाठीमागच्या भिंतीवर लावलेलं आहे. साहेबांनी मान वर केली असती तरी दिसलं असतं. मी वाट बघत उभी राहिले. त्यांनी सही केली आणि कागद फाइलला लावला. चिठ्ठी मी सकाळीच काढून टाकली होती.

संध्याकाळी बहिणीकडे गेले. मुंगीची चप्पल अजून दारातच होती आणि जिन्याच्या भिंतीवर, माझ्या कमरेच्या उंचीला, तिच्या बोटांचा मळकट पट्टा. बहिणीने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. "त्या माणसाला दिसत नव्हतं का गं ताई, तिला येत नाही ते? त्याने हो म्हटलं नसतं तर मी पाठवली असती का?" मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. सांगायचं ठरवूनच गेले होते, शपथेवर सांगते. तोंड उघडलं आणि म्हटलं, "दोन घास खाऊन घे." मला माझी इतकी किळस कधीच आली नव्हती.

दोन दिवसांनी सर काउंटरवर आले. शर्ट-पँट घातलेली, केस विंचरलेले, हात कोरडे. अकरा वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. त्यांनी त्या नोंदीची प्रत माझ्यासमोर सपाट केली आणि वेळेवर बोट ठेवलं.

"मॅडम, चाचणीतली पोरगी मला आठवतच नाही. साठ पोरं होती हो. पण सोमवारी अकराला मी पाण्यात असतो. मग मध्येच येऊन मी तुम्हाला सांगितलं असणार, हिला पिवळी करा म्हणून." त्यांनी कागदावरून मान वर केली. "सांगितलं होतं का मी?"

मागे तलावात पोरं ओरडत होती. फोन वाजत नव्हता. त्या दिवशी एकदासुद्धा वाजला नाही.

"हो," मी म्हटलं. "काठावरून सांगितलंत."

त्यांनी बराच वेळ मान हलवली. कागदाची नीट चौकोनी घडी घालून खिशात ठेवली, गळ्यातली शिट्टी काढून काउंटरवर ठेवली.

"बरं झालं विचारलं. दोन रात्री तुमच्याबद्दल मनात नाही नाही ते येत होतं. स्वतःची भाची गेली तुमची, आणि मी हा असा विचार करतोय. माफ करा मला."

"असू दे, सर," मी म्हटलं.