ठोकळ्याची चावी

दुकानातल्या मुली माझ्यामागे मला 'हेडमास्तरीण' म्हणतात, ते मला ठाऊक आहे. म्हणोत. बोरिवलीच्या या साड्यांच्या दुकानात बावीस वर्षं काढली, त्यातली बारा सुपरवायझर म्हणून. तोंड तिखट नसतं, तर लग्नसराईची गर्दी आणि या सहा पोरी मला आवरल्या नसत्या.

बाथरूम इमारतीच्या मागच्या अंगाला. त्याची चावी माझ्या टेबलाशी खिळ्याला, आणि हरवू नये म्हणून तिला वीतभर लाकडी ठोकळा बांधलेला. कल्पना माझीच. ठोकळा घेऊन कोणी निघालं की सगळ्या दुकानाला कळायचं, स्वारी कुठे चालली ते. नवीन मुलगी आली की मी पहिल्याच दिवशी सांगायचे, "पाणी बेतानं प्यायचं. घरून जाऊन यायचं, मग जेवणाच्या सुट्टीत एकदा. सवय होते. मी पोटुशी होते तेव्हाही असंच काढलंय." हे वर अभिमानानं सांगायचे. अक्कल बघा माझी.

दीप्ती दहिसरहून यायची. गुणी पोर, हात चपळ. गिऱ्हाईक उठेस्तोवर साड्यांच्या घड्या तयार. पाचवा महिना लागला तशी ती तासातासाला चावी मागायला लागली. मी कधी नाही म्हटलं नाही. फक्त चष्म्यावरून बघून विचारायचे, "परत?"

एवढंच. बाकीच्या खुदखुदायच्या. आठवड्याभरात तिचं चावी मागणं कमी झालं आणि मला वाटलं, आली वळणावर. तिनं पाणी पिणंच सोडलं होतं, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

दीड महिन्यानं, एका शनिवारी ती टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, "ताई, लघवीला खूप जळजळतंय. ओटीपोटातपण दुखतंय. दुपारी डॉक्टरकडे जाऊन येऊ?"

"अगं, उन्हाळी लागलीय. धने-जिऱ्याचं पाणी पी, उतरेल. आज गर्दी बघतेस ना? सोमवारी दुकान बंद, तेव्हा जा निवांत."

"बरं," म्हणाली. वाद घालणाऱ्यातली नव्हती ती. घातला असता तर मी सोडलंही असतं कदाचित. बघा, अजूनही तिच्यावरच ढकलते आहे.

रविवारी गिऱ्हाइकापुढे शालू उलगडताना तिचे हात थरथरायला लागले. हुडहुडी भरलेली, अंग तव्यासारखं तापलेलं. कंबर धरून ती खालीच बसली. रिक्षात घालून मीच तिला हॉस्पिटलात नेलं, तिचा नवरा सौरभ कामावरून धावत आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लघवीतलं इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत चढलंय, कळाही सुरू झाल्यात. सहावा महिना जेमतेम संपत आला होता. मुलगी झाली. दोन दिवस काचेच्या पेटीत होती, तिसऱ्या दिवशी गेली.

मी डॉक्टरीणबाईंना गाठून विचारलं, शनिवारीच आणली असती तर?

"खात्रीनं कोणी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या, "पण लघवी तपासून वेळेत गोळ्या सुरू केल्या, तर बहुतेक वेळा इतकं वाढत नाही. गरोदरपणात हे अंगावर काढायचं नसतं."

दीप्तीनं ते अंगावर काढलं नव्हतं, मी काढायला लावलं होतं. हे त्यांना सांगायची हिंमत मला झाली नाही. सौरभला तर नाहीच.

दुकानात येऊन मी ठोकळा कचऱ्यात टाकला. मालकांशी भांडून बाथरूमचं कुलूप काढायला लावलं. बैल गेला आणि झोपा केला.

तीन महिन्यांनी दीप्ती कामावर परतली. पूर्वीसारखीच चपळ, पूर्वीसारखंच 'ताई, ताई'. रोज सकाळी मी तिची पाण्याची बाटली स्वतः भरून काउंटरवर ठेवते. दुकान बंद करताना उचलून बघते, तर गळ्यापर्यंत भरलेली. काल मला राहवलं नाही.

"दीप्ती, पाणी का पीत नाहीस गं? आता कुलूप नाही. कोणी काही विचारणार नाही तुला."

ती घडी घालत होती. वर न बघता म्हणाली, "तहानच लागत नाही आता, ताई. तुम्ही म्हणायचात ना, सवय होते. झाली."

आवाजात राग नव्हता. मी बाटली खाली ठेवून तिच्यापुढे हात जोडले. तिनं ते पाहिले असावेत. पण तिनं पुढची साडी ओढून घेतली.