रॅकची जागा

"मशीन ठेवायच्या आधी त्या खोलीत दहा मिनिटं उभी राह्य, पोरी. तुले कोंदट लागलं तं तिलेही लागते."

टेलिफोन खात्यात लाइनमन असलेल्या वडिलांचं, भाऊरावांचं, हे सांगणं त्यांच्या माघारीही धम्मशीलाने सोडलं नव्हतं. दवाखान्यातल्या सगळ्या संगणकांच्या तारा जिथे एकत्र येतील, त्या स्विचच्या रॅकची जागा आज तिला कंपनीतर्फे ठरवायची होती. औषधांच्या कोठीत ओल, जिन्याखाली पाण्याची मोटार. कार्यालय अधीक्षक वामनरावांच्या खोलीत मात्र भिंत कोरडी आणि गारवा. पण ती तिथे उभी राहताच ते वैतागले. या डब्याची घरघर दिवसभर कोण ऐकणार? बाळांना पाजायचा हिरकणी कक्ष रिकामाच असतो, तिथं ठोका.

धम्मशीला बघायला गेली. कक्ष रिकामा नव्हता. बाळंतपणाचे टाके दाखवायला जानेफळहून आलेली अलीजा दाराला पाठ लावून उभ्यानेच लेकीला पाजत होती.

"बसत काऊन नाही?"

"कडी नाही, ताई. कोनीबी ढकलते."

मग धम्मशीलाने स्वतःची पाठ दाराला लावली. अलीजा सावकाश बाकावर टेकली. दहा मिनिटांत तीन धक्के बसले. तिसरा वामनरावांचा.

नऊ वर्षं 'तुम्ही म्हणाल तसं, साहेब' म्हणत आलेली धम्मशीला बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि अहवालात लिहिलं : योग्य जागा, अधीक्षकांची खोली. खाली सही केली.

"बाया तं व्हरांड्यातही पाजतात," वामनराव तिचे भरलेले डोळे पाहून म्हणाले. "तू काऊन रडून राह्यली?"

"रडत नाही, साहेब. मले राग आला. तुम्हाले एक डबा सहन होत नाही, अन् तिनं उघड्यावर बसावं?"

त्यांनी तिथूनच तिच्या बुलडाण्याच्या मालकाला फोन लावला. कागद जमा कर आणि परत ये, उद्या तुझ्याऐवजी रवी जाईल, असा निरोप आला. तिने कागद टेबलावर ठेवले.

पिशवी घ्यायला ती हिरकणी कक्षात गेली. लेक झोपली होती. अलीजा म्हणाली, परवा पुन्हा बोलावलं आहे.

"परवा आतून कडी असंन," धम्मशीला म्हणाली. "आजच लावतो मी."

तिने चौकटीवर बोटांनी माप घेतलं, पिशवीत ड्रिल आहे ना ते चाचपलं, आणि वामनरावांच्या खोलीवरून, मान वर ठेवून, हार्डवेअरच्या दुकानाकडे निघाली.